पिकअप खाली बसवताना : ब्रेक आणि सस्पेन्शनचे भाग जोडीनेच का बदलावेत

सप्रेम नमस्कार.

पिकअपची उंची कमी करून घेण्यासाठी आमच्या तुर्भे येथील वर्कशॉपमध्ये येणारे बहुतेक ग्राहक फक्त कमानींची चौकशी करतात. मागच्या कमानीतला एखादा पाटा काढला आणि पुढची कॉइल स्प्रिंग कापली की गाडी खाली बसते, हे खरे. परंतु असे अर्धे काम आम्ही घेत नाही, कारण कमानीची भार पेलण्याची ताकद त्यात जातेच, शिवाय ब्रेकचा हिशेबही बिघडतो.

अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलच्या वर, चासीवर, लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह बसवलेला असतो आणि त्याचा दांडा ॲक्सलला जोडलेला असतो. माल भरला की चासी ॲक्सलच्या जवळ येते, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी झाली की हा दाब तो आवरून धरतो. कमान बदलून चासी कायमची खाली आणली आणि दांडा जुन्याच मापावर ठेवला, तर व्हॉल्व्हच्या लेखी गाडी सदैव भरलेलीच राहते. एपीएमसीत (वाशीच्या घाऊक बाजारात) माल उतरवून निघालेल्या अशा गाडीला सायन-पनवेल महामार्गावर पावसात जोरात ब्रेक लावला, तर मागची चाके पुढच्या चाकांआधी जाम होऊन गाडीचा मागचा भाग बाजूला फेकला जाऊ शकतो. म्हणून आम्ही ब्रॅकेट बदलून दांड्याचा मूळ कोन परत आणतो आणि रिकाम्या व भरलेल्या, दोन्ही स्थितींत ब्रेकचा दाब गेजवर तपासतो.

पुढच्या बाजूला स्वतंत्र (प्रत्येक चाक वेगळे हलणारे) सस्पेन्शन असेल, तर कॉइल कापण्यापेक्षा ड्रॉप स्टब ॲक्सल, म्हणजे चाकाचा दांडा मूळ जागेपेक्षा वर घेतलेला भाग, बसवणे आम्हाला अधिक योग्य वाटते. मात्र कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग), डिस्क व बेअरिंग त्याच्याशी जुळणारेच हवेत. माप थोडे चुकले तरी पॅडची एक कड डिस्कच्या बाहेर राहते, तेवढीच झिजत नाही आणि काही दिवसांत तेथे पायरी उभी राहते. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकचा होज कोठे ताणत वा घासत नाही ना, हे ग्राहकाने स्वतः वाकून पाहावे, असा आमचा आग्रह असतो.

शॉक ॲब्सॉर्बर आणि बंप स्टॉपही (सस्पेन्शन तळाला आदळू नये म्हणून लावलेले रबरी ठोकळे) नव्या उंचीचेच लागतात, अन्यथा घोडबंदर रोडवरील एखाद्या खड्ड्यात शॉक ॲब्सॉर्बर तळाला आदळून त्याचे सील जाते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. त्यामुळे गाडी ठाण्याच्या पासिंगची असो वा वाशीच्या, आरटीओचे लेखी उत्तर हाती आल्याशिवाय आम्ही पाना हातात घेत नाही. विमा कंपनीलाही आधीच लेखी कळवावे.

काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट आम्ही करून देतो. कमान ॲक्सलला आवळून धरणारे नवे यू-बोल्ट सुरुवातीच्या वापरात थोडे सैल पडतात, म्हणून साधारण ५०० किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळून घेण्यासाठी गाडी अवश्य आणावी. त्याचे वेगळे शुल्क घेतले जात नाही.