इंजिन तगडं असणं वेगळं, गाडीला हवा न अडवणं वेगळं

२०२३ची फॉर्म्युला वनची सौदी अरेबियातली जेद्दाची शर्यत. पात्रता फेरीत ड्राइव्हशाफ्टने (इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याने) दगा दिला म्हणून पंधराव्या जागेवरून सुटलेला रेड बुलचा व्हर्स्टॅपन दुसरा आला. सरळ पट्ट्यावर तो एकेकाला सहज मागे टाकत होता आणि आमच्याकडे सोफ्यावरच्या तिघांचं एकच पालुपद: "इंजिन बघ काय आहे!" हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

इंजिनच्या जोरावरचं वर्चस्व कसं दिसतं हे २०१४ पाहिलेल्यांना सांगायला नको. हायब्रिड इंजिनं आली, मर्सिडीजने १९ पैकी १६ शर्यती खिशात घातल्या. त्याची खूण म्हणजे तेच इंजिन विकत घेणारेही वर येतात. २०१३ मध्ये रेनोच्या इंजिनावर जेमतेम ५ गुण मिळवलेली विल्यम्स पुढच्या वर्षी मर्सिडीजच्या इंजिनावर ३२० गुणांसह तिसरी आली. (सगळं श्रेय इंजिनाचं नाही, पण मोठा वाटा त्याचाच.)

आता २०२३ची रेड बुल. २२ पैकी २१ विजय. तेच होंडाचं इंजिन अल्फा टौरीच्या गाडीतही होतं आणि तो संघ आठवा आला. जेद्दाच्या त्याच शर्यतीत अल्फा टौरीच्या त्सुनोदाचा दहावा नंबर शेवटी मॅग्नुसेनने हिसकावला, तोही फेरारीचं इंजिन लावलेल्या हास संघाच्या गाडीतून. होंडाचं इंजिनच पळवत होतं, तर त्सुनोदाने काय घोडं मारलं होतं?

गोची इथेच होते. इंजिन गाडीला ढकलतं, हवा अडवते, आणि सरळ पट्ट्यावरचा वेग या दोघांच्या रस्सीखेचीत ठरतो. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे इंजिनाची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. म्हणजे अडथळा कमी केला तरी वेग वाढतो, इंजिनाला हातही न लावता.

मग सगळेच मागचा पंख बारीक का करत नाहीत? कारण वळणावर गाडी जमिनीला चिकटायला डाउनफोर्स, म्हणजे हवेचा खाली दाबणारा जोर, लागतो आणि पंखातून तो घेतला की ड्रॅगची, म्हणजे हवेच्या अडथळ्याची, किंमत मोजावी लागते. २०२२च्या नियमांनी गाडीच्या पोटाखाली बोगदे दिले. तिथला डाउनफोर्स बराच स्वस्त पडतो, पण फ्लोअर, म्हणजे गाडीचा तळ, जमिनीपासून नेमक्या उंचीवर राहिला तरच. ब्रेक लागल्यावर गाडीने नाक खाली घातलं की गणित बिघडलं. रेड बुलचा तेव्हाचा डिझायनर एड्रियन न्यूई सस्पेन्शनमागे लागला तो यासाठी. फ्लोअर चोख, म्हणून पंख बारीक. त्यात डीआरएस (ओव्हरटेकसाठी मागच्या पंखाची उघडणारी फट) उघडल्यावर रेड बुलला इतरांपेक्षा जास्तच फायदा व्हायचा.

त्यामुळे स्पीड ट्रॅपचा, म्हणजे सरळ पट्ट्यावर मोजलेल्या वेगाचा, आकडा नाचवून कुणी इंजिनाचं कौतुक करू लागलं, की मी आधी विचारतो, तेच इंजिन लावलेले बाकीचे कुठे आहेत? २०२४ मध्ये संघांचं विजेतेपद मॅक्लारेनने घेतलं, मर्सिडीजकडून विकत घेतलेल्या इंजिनावर. खुद्द मर्सिडीज चौथी.