घर विकायचं नाही, पण किंमत काढायची आहे? आधी 'कशासाठी' ते सांगा

कुडाळ, मालवण, वेंगुर्ला भागातल्या आमच्या ग्राहकांसाठी

घर-जमिनीचं मूल्यांकन, म्हणजे किंमत काढून देणं, हे आमचं काम. मे महिन्यात आणि गणपतीच्या दिवसांत आमचा फोन खाली ठेवायला मिळत नाही. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, सगळे भाऊ ओटीवर एकत्र बसलेले असतात आणि बोलणं सुरू होतं ते असं: "आमका घर विकूचा नाय, नुसती किंमत किती होतली ती सांगा."

विकायचं नसताना किंमत काढून घेण्यात गैर काहीच नाही. आमची बरीच कामं तशीच असतात. अडतं ते पुढच्या प्रश्नाला. आम्ही विचारतो, कशासाठी हवी? उत्तर येतं, "असंच, माहीत असावी म्हणून." या एका उत्तरापायी लोकांचे आठवडेच्या आठवडे जातात, म्हणून हे पत्रक.

घराला एकच किंमत असते असं धरून चालू नका. कामाप्रमाणे ती बदलते.

विम्यासाठी हवी असेल, तर तेच घर आज पुन्हा बांधायला किती खर्च येईल तेवढंच मोजायचं. जमीन त्यात येत नाही, कारण वादळाने जमीन उडून जात नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्या किनाऱ्यावर किती घरांचे नळे (कौलं) उडाले, माड आडवे झाले, ते सगळ्यांनी पाहिलंय. वाटणीसाठी किंवा हक्कसोड करण्याआधी हवी असेल, तर जमीन, घर, विहीर, माड, कलमं सगळं धरून आजचा बाजारभाव.

आयकराचा हिशोब आणखी वेगळा. घर १ एप्रिल २००१ च्या आधीपासून तुमच्याकडे असेल, किंवा वारशाने आलेलं असेल आणि वाडवडिलांनी ते त्याआधी घेतलेलं असेल, तर पुढे कधी विकायची वेळ आली तेव्हा भांडवली नफा काढताना त्या दिवसाची रास्त बाजारकिंमत खरेदीकिंमत म्हणून धरता येते. मात्र २०२० च्या वित्त कायद्यापासून त्याला मर्यादा आहे: त्या तारखेचं मुद्रांक शुल्कासाठीचं मूल्य उपलब्ध असेल, तर त्याच्या वर जाता येत नाही. इथे आजचा भाव घेऊन मागे मोजत जाणं चुकीचं. त्या दिवशी गावात काय होतं ते बघावं लागतं. कोकण रेल्वे १९९८ पासून रोहा ते मंगळूर धावत होती, ती धरायची. चिपीचं विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालं, ते धरायचं नाही.

एक झालेली गोष्ट सांगतो. मालवण तालुक्यातलं घर, जांभ्याच्या चिऱ्याचं, वर मंगलोरी नळे, पुढे सारवलेलं खळं (अंगण), मागे विहीर आणि अकरा माड. थोरल्या भावाने सांगितलं, विम्यासाठी हवंय. आम्ही जोत्याची मापं घेतली, वाशांना स्क्रूड्रायव्हर टोचून वाळवी पाहिली (माजघरावरच्या दोन वाशांतून भुसा गळत होता) आणि फक्त बांधकामाचा अहवाल दिला. सहा महिन्यांनी तोच कागद वाटणीच्या बैठकीत निघाला. बहिणीने वाचला. जमिनीचा आकडाच नाही म्हटल्यावर तिला वाटलं, भाऊ आपल्यापासून लपवतायत. भाऊ खरा होता, कागदही बरोबर होता, पण तो त्या कामाचा नव्हता. पुन्हा जाऊन सगळं मोजलं, नवा अहवाल केला. तोवर त्या दोघांचं बोलणं तुटलेलं होतं. दोनदा फी गेली त्यापेक्षा ते आम्हाला जास्त लागलं. तेव्हापासून आमच्या अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत दोन गोष्टी असतात: हा कशासाठी आहे आणि कोणत्या तारखेचा आहे. शक्य असेल तर प्रत सगळ्या हिस्सेदारांना द्या. लागतील तेवढ्या प्रती आम्ही काढून देतो.

काही कामांसाठी आमच्याकडे येऊच नका. कर्जासाठी हवं असेल तर आधी बँकेत जा. बँक स्वतःच्या यादीतल्या मूल्यांककाचाच अहवाल धरते, आमचा घेऊन गेलात तरी तो बाजूला ठेवतील. नुसता सरकारी दर हवा असेल तर रेडी रेकनर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. पण तो दर मुद्रांक शुल्कासाठी विभागवार ठरवलेला असतो. तुमच्या घरापर्यंत गाडी येते की पाणंदीतून चालत यावं लागतं, हे त्याला कळत नाही.

"हायवेत शेजाऱ्याला गुंठ्याला एवढे मिळाले, मग आमचे का कमी?" हेही नेहमी ऐकतो. भूसंपादनाच्या मोबदल्यात २०१३ च्या कायद्याप्रमाणे १०० टक्के दिलासा रक्कम मिळवलेली असते, ग्रामीण भागात बाजारभावाला वरचा गुणांकही लागू शकतो. तो आकडा बाजारात जमीन घेणाऱ्याचा नव्हे. आम्ही तो धरत नाही, आणि त्यावरून कोणी नाराज झालं तरी आमचा नाइलाज आहे.

कागदांचं थोडक्यात. जमिनीचा ताजा सातबारा, घर गावठाणात असेल आणि निघालेली असेल तर मिळकत पत्रिका, आणि ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा. नुसती घरपट्टीची पावती पुरत नाही. घरपट्टी आजोबांच्या नावावर आणि खालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बारा नावं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. घरपट्टीचा उतारा हा कर आकारणीचा कागद, मालकीचा पुरावा नाही. कोणाचा हिस्सा किती, हे आम्ही ठरवत नाही. ते वकिलांचं आणि महसूल खात्याचं काम. आम्ही पूर्ण मिळकतीची किंमत देतो आणि उताऱ्यावर हिस्से नोंदलेले असतील तर तसे दाखवतो. आणि सातबाऱ्यावरचा आर म्हणजे गुंठा नव्हे. आर साधारण १०७६ चौरस फुटांचा, गुंठा १०८९ चा. चाळीसांवर ५०० चौरस फुटांच्या आसपास फरक पडतो. वाटणीत तेवढ्यावरूनही भांडणं झालेली आम्ही पाहिली आहेत.

फोटो पाठवतो, फोनवरच सांगा, असं म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. फोटोत वाळवी दिसत नाही, आणि बेडं (आवाराचं फाटक) शेजाऱ्याच्या वाटेत उघडतं हेही दिसत नाही. फी कामाप्रमाणे आधीच ठरवतो, किमतीच्या टक्क्यावर नाही. त्यामुळे आकडा फुगवण्यात आमचा फायदा नसतो आणि कमी करण्यातही नाही. कोणी "जरा वाढवून लिवा" म्हणालं, तर ते काम आम्ही घेत नाही.

जुनं घर पाडून नवं बांधायचा विचार असेल, तर पाडण्याआधी एकदा आम्हाला बोलवा. एक भाऊ स्वतःच्या पैशाने नवं घर बांधतो, दहा वर्षांनी बाकीचे हिस्सा मागतात, आणि तेव्हा जुनं घर कसं होतं हे सांगायला कोणी उरलेलं नसतं. चिरे उचलून गडग्याला (दगडी कुंपणाला) लावलेले असतात, सागाच्या तुळया विकलेल्या असतात. पाडण्याआधीची मापं, फोटो आणि त्या दिवसाची किंमत असा एक अहवाल कपाटात असला, की एकाने घातलेले पैसे आणि सगळ्यांचं वडिलोपार्जित वेगळं दाखवता येतं.

वेळ ठरवताना गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस सोडून सांगितलंत तर आम्हाला नीट वेळ देता येईल. घर बंद असेल आणि चावी शेजारी असेल, तर शेजाऱ्यांना आधी कळवून ठेवा. माळ्यावर चढायची शिडी आम्ही बरोबर आणतो.