आठ की दहा? हरवलेल्या दुर्बिणीच्या जागी नवी घेताना

माझी दुर्बीण हरवली त्यात दोष दुसऱ्या कोणाचाही नव्हता. पक्षी पाहायला गेलो असताना पाणी पिण्यासाठी ती गळ्यातून काढून एका खडकावर ठेवली, तेवढ्यात पुढे गेलेल्या सोबत्यांनी हाक मारली, आणि तासाभराने परत आलो तेव्हा खडक जागेवर होता, दुर्बीण नव्हती. ती १०×४२ होती आणि बरीच वर्षे माझ्याजवळ होती. त्यामुळे जे गेले तेच पुन्हा आणायचे, एवढाच विचार तेव्हा मनात होता. मात्र नवी येईपर्यंतचे काही आठवडे एका सोबत्याची ८×४२ माझ्या गळ्यात आली आणि निर्णय वाटला होता तितका सरळ राहिला नाही.

या दोन दुर्बिणी शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी वाटतात. पुष्कळ उत्पादक एकाच सांगाड्यात दोन्ही बनवतात. लांबी, रुंदी, रबराचे आवरण, समोरची भिंगे सारखीच असतात आणि वजनातही हाताला जाणवेल असा फरक नसतो. फरक असतो तो आतल्या भिंगांच्या रचनेत आणि अंगावर कोरलेल्या पहिल्या आकड्यात. हा पहिला आकडा म्हणजे प्रतिमा किती पट मोठी दिसते ते, आणि दुसरा म्हणजे समोरच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. बाकी सर्व सारखेच असेल, तर आठपेक्षा दहा सरस असणार, असे कोणालाही वाटते. मलाही तसेच वाटले होते, आणि पहिली दुर्बीण मी त्याच समजुतीवर घेतली होती.

या जादा दोनांतून प्रत्यक्षात किती मिळते ते आधी पाहू. चाळीस मीटरवरच्या फांदीवर बसलेला पक्षी ८ पटीच्या दुर्बिणीतून पाच मीटरवर असल्यासारखा दिसतो आणि १० पटीच्या दुर्बिणीतून चार मीटरवर असल्यासारखा. म्हणजे चाळीस मीटरांचे अंतर तोडल्यावर वाद उरतो तो एका मीटरचा. प्रतिमा पंचवीस टक्क्यांनी मोठी होते हे खरे आहे आणि ते दुर्लक्षण्याजोगे नाही. परंतु त्याचा मोबदला चार-पाच ठिकाणी चुकवावा लागतो.

पहिला मोबदला दृष्टिक्षेत्राचा. चांगल्या ८×४२ मधून हजार मीटरवर साधारण १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, तर १०×४२ मधून साधारण ११० मीटरचा. हे हजार मीटरवरचे आकडे माहितीपत्रकात शोभतात, पण आपण पक्षी वीस मीटरवर पाहतो, म्हणून हिशेब तिथे करावा. वीस मीटरवर पहिलीतून २.८ मीटर रुंदीचे वर्तुळ दिसते, दुसरीतून २.२ मीटरचे. रुंदीतला फरक हातभराहून थोडा अधिक, पण वर्तुळाचे क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गाने बदलत असल्यामुळे पहिलीत सुमारे साठ टक्के अधिक जागा मावते. दाट पानोळ्यात वटवट्या हलताना नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आपण दुर्बीण उचलतो, आणि समोर येतात ती फक्त पाने. पक्षी वर्तुळाबाहेर अर्ध्या हातावर असतो. डावीकडे जावे की वर, हे कळेपर्यंत तो पुढच्या फांदीवर गेलेला असतो. वर्षानुवर्षे हा प्रकार मी माझ्या नजरेचा दोष समजत होतो. माझ्या जुन्या वहीत ‘हालचाल दिसली, पक्षी सापडला नाही’ अशा नोंदी पदोपदी आहेत, आणि आता वाटते की त्यांतल्या काही तरी त्या आकड्याच्या खात्यावर टाकायला हव्या होत्या.

दुसरा मोबदला हाताच्या कंपाचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा हाच आहे, कारण दुकानात तो कळत नाही. दुर्बीण जशी पक्ष्याला मोठे करते तशीच हाताच्या थरथरण्यालाही करते. ८ पटीत आठपट आणि १० पटीत दहापट. काउंटरवर कोपर टेकवून समोरची पाटी पाहताना दोन्ही स्थिर वाटतात. चढ चढून आल्यावर धाप लागलेली असताना, वारा अंगावर घेत, मान वर करून झाडाच्या शेंड्याकडे पाहताना मात्र १० पटीच्या दुर्बिणीतला पक्षी सतत झुलत राहतो आणि पंखावरच्या पट्ट्या एक की दोन, भुवई फिकट की पिवळसर, हे ठरवणे अवघड होते. प्रतिमा मोठी असते, पण तिच्यातला तपशील हाती लागत नाही. याची परीक्षा सोपी आहे. बारीक अक्षरांचा एखादा छापील कागद पंचवीस-तीस पावलांवर लावावा, दुर्बीण प्रथम भिंतीला किंवा खांबाला टेकवून आणि नंतर मोकळ्या हातांनी धरून वाचता येणारी सर्वांत लहान ओळ कोणती ते पाहावे. टेकवून वाचताना १० पटीची पुढे असते. मोकळ्या हातांनी वाचताना ती आघाडी कमी होते, आणि ज्यांचे हात माझ्यासारखे फारसे स्थिर नाहीत त्यांच्या बाबतीत ती नाहीशीही होते. कोपरे छातीशी घट्ट धरणे, खोडाला पाठ टेकणे, टोपीचा पुढचा काठ बोटांनी दुर्बिणीबरोबर पकडणे या युक्त्यांनी पुष्कळ फरक पडतो, पण त्या युक्त्यांचा लाभ ८ पटीच्या दुर्बिणीलाही होतोच. कंप शोषून घेणाऱ्या बॅटरीवरच्या दुर्बिणीही मिळतात. तो निराळा आणि वजनदार मामला आहे.

तिसरी गोष्ट प्रकाशाची, आणि इथे गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे रोखली, की डोळ्याकडच्या प्रत्येक भिंगात प्रकाशाची एक छोटी गोल चकती तरंगताना दिसते. तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. तिचा व्यास काढण्यासाठी दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचे: ८×४२ साठी ५.२५ मिलिमीटर आणि १०×४२ साठी ४.२ मिलिमीटर. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे दिवसा दोन्ही दुर्बिणी सारख्याच उजळ दिसतात आणि ‘आठची जास्त उजळ’ हे विधान दुपारी खोटे ठरते. पहाटे, संध्याकाळी किंवा घनदाट जंगलाच्या सावलीत बाहुली पाच मिलिमीटर किंवा अधिक उघडते, तेव्हा मोठ्या चकतीतून डोळ्यात दीडपटीच्या आसपास प्रकाश पोहोचतो. मात्र अंधारात तरुणपणी सात मिलिमीटरपर्यंत उघडणारी बाहुली वयानुसार कमी उघडते, उतारवयात ती पाचच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उघडते, आणि तेव्हा हा लाभ त्या प्रमाणात आटतो. साठी ओलांडलेल्या माणसाने केवळ संध्याकाळच्या उजेडासाठी ८ पटीची दुर्बीण निवडू नये. तिच्या बाजूने इतर कारणे पुरेशी आहेत. त्यांपैकी एक याच चकतीत दडलेले आहे: चकती मोठी असली की डोळा थोडा इकडेतिकडे सरकला तरी प्रतिमा काळी पडत नाही, आणि उडत्या पक्ष्यामागे घाईने दुर्बीण फिरवताना हा सैलपणा फार उपयोगी पडतो.

माहितीपत्रकात कधीकधी ट्विलाइट फॅक्टर नावाचा एक आकडा छापलेला असतो. दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे तो. ८×४२ साठी १८.३ आणि १०×४२ साठी २०.५. त्यावरून अंधुक उजेडात दहाची दुर्बीण सरस, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु या सूत्रात काचेची प्रत, भिंगांवरचे लेप किंवा हाताचा कंप यांपैकी काहीही नाही, त्यामुळे त्या आकड्यावर निवड करू नये.

चौथी गोष्ट लक्षात यायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. एका फोकसवर पुढेमागे जेवढा पट्टा स्पष्ट दिसतो, त्याची खोली पटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. १० पटीत तो पट्टा ८ पटीच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांश उरतो. झुडपात पक्षी एका फांदीवरून हातभर मागच्या फांदीवर गेला, तर उसन्या दुर्बिणीत तो बऱ्याचदा स्पष्टच राहायचा. माझ्या जुन्या दुर्बिणीत प्रत्येक उडीबरोबर चाक फिरवावे लागे. एवढी वर्षे माझे बोट चाकावरून उठत नव्हते, ही सवय मला कौशल्य वाटत होती.

चष्मा लावणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा आहे. नेत्रभिंगापासून डोळा किती दूर ठेवून पूर्ण वर्तुळ दिसते, ते अंतर किमान पंधरा-सोळा मिलिमीटर असावे, नाहीतर चष्म्याआडून वर्तुळाच्या कडा कापल्या जातात. एकाच मालिकेतल्या ८ पटीच्या दुर्बिणीत हे अंतर बहुधा थोडे अधिक असते. डोळ्याकडचे रबरी कप पूर्ण आत फिरवून, स्वतःचा चष्मा लावून वर्तुळाची काळी कड सर्व बाजूंनी दिसते का, हे पाहिल्याशिवाय दुर्बीण घेऊ नये.

इतके सगळे ८ च्या बाजूने लिहून झाल्यावर १० पटीची दुर्बीण घेणारे अजाण आहेत असे म्हणायचे नाही. मोठ्या जलाशयाच्या काठी, चिखलाणीवर, समुद्रकिनाऱ्यावर किंवा दरीच्या पलीकडे घिरट्या घालणारे शिकारी पक्षी पाहताना पक्षी जवळ येणार नसतो आणि आपल्यालाही पुढे जाता येत नाही. तिथे पार्श्वभूमी मोकळी असल्यामुळे अरुंद दृष्टिक्षेत्राचा अडथळा होत नाही, सगळेच दूर असल्यामुळे फोकसच्या खोलीचा प्रश्न उरत नाही, आणि तुतवारांच्या थव्यात एखादा वेगळा आहे का हे शोधताना ती पंचवीस टक्के वाढ खरोखर कामी येते. ज्यांचे बहुतेक निरीक्षण अशा जागी होते त्यांनी दहाच घ्यावी. दोन पथ्ये मात्र आहेत. ऊन चढल्यावर जमिनीलगतची तापलेली हवा थरथरू लागते आणि दुर्बीण तो थरथराटही वाढवते, म्हणून दुपारी लांबचे पाहताना जादा पटीचा फारसा उपयोग होत नाही. आणि ज्यांच्याकडे तिपाईवर लावायचा, वीस ते साठ पटीचा स्पॉटिंग स्कोप आहे, त्यांचे लांबचे काम तो करतोच. त्यांच्या गळ्यात ८ पटीची दुर्बीण अधिक शोभते.

पटीइतकीच काचेची प्रतही मोजावी लागते, कारण पट वाढली की दोषही वाढतात: पांढऱ्या बगळ्याच्या कडेला दिसणारी जांभळी-हिरवी झालर, कडेची धूसरता, दोन नळ्यांच्या प्रतिमा नीट न जुळल्यामुळे येणारी डोकेदुखी. साधारण प्रतीच्या १० पेक्षा चांगल्या प्रतीची ८ कधीही बरी. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत लोलकांवर फेज कोटिंग, म्हणजे प्रतिमेची धूसरता कमी करणारा खास लेप, आहे का हे विचारावे; १९८८ मध्ये झाइसने ते आणल्यापासून या बांधणीची स्पष्टता पुष्कळ सुधारली. सर्व भिंगांच्या सर्व पृष्ठांवर बहुस्तरीय लेप असावेत, कारण लेप नसलेल्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो आणि दुर्बिणीत अशी पृष्ठे बरीच असतात. वर सांगितलेली प्रकाशाची चकती पूर्ण गोल दिसायला हवी. तिच्या बाजू कापल्यासारख्या किंवा करड्या दिसल्या तर आतल्या लोलकांची काच हलक्या प्रतीची असण्याची शक्यता असते. ज्यात पट कमी-जास्त करता येते त्या झूम दुर्बिणींच्या वाटेला जाऊ नये.

हरवलेल्या वस्तूच्या जागी नवी घेणाऱ्याला एक सोय असते, जी पहिल्यांदा घेणाऱ्याला नसते: आपण कुठे जातो, काय पाहतो आणि काय निसटते, हे त्याला ठाऊक असते. मी वही उघडून बसलो. जलाशयाच्या सहली मला मोठ्या आठवत होत्या, पण वहीतली बहुतेक पाने झाडीतल्या, तीस-चाळीस पावलांवरच्या पक्ष्यांनी भरलेली होती. मी ८×४२ घेतली.

एक गोष्ट मात्र आधी तपासायला हवी होती. फोकसचे चाक लांबच्या वस्तूसाठी कोणत्या दिशेने फिरते हे सर्व उत्पादकांचे सारखे नसते, आणि माझ्या नव्या दुर्बिणीचे चाक जुनीच्या उलट फिरते. डोक्याला ते पहिल्या दिवशीच कळले, पण बोटाला अजून कळलेले नाही. परवा खंड्या काठावरून उडून पलीकडच्या फांदीवर बसला, तेव्हा बोटाने सवयीने जुन्या दिशेला चाक फिरवले आणि तो नुसता निळा डाग झाला. तो डाग मात्र वर्तुळातच राहिला होता, म्हणून चाक उलटे फिरवून त्याची चोच पाहता आली.