‘मिरजेत कोण वाचतंय?’ असं समजू नका

‘तंबोऱ्याबद्दल नेटवर काहीही लिहा, मिरजेच्या कारागिरापर्यंत ते पोचत नाही,’ हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. पोचतं. दुकानदार फोन करतो, गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट धाडतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाला बट्टा लागलेला कारागिराला कसा चालेल?

खरी गफलत वाटेत होते. गिऱ्हाईक लिहितं, ‘आवाज बसलाय, एक स्टार.’ यातून कारागिरानं काय समजावं? कोणती तार? कोणत्या सुराला लावलीय? जवारी म्हणजे घोडीच्या (तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) माथ्याला दिलेला अगदी हलका उतार. तार त्यावर घासत राहते, म्हणून तो गुंजारव. वापरून तिथं चरे पडतात, आवाज बसतो, जवारी पुन्हा काढावी लागते. हा दोष नाही, झीज आहे. कधी तर तारेखालचा दोरा जागचा सरकलेला असतो, बस्स! तो बोटानं इंचभरही नाही, केसभर हलवला की सूर उघडतो. (एवढ्यासाठी लोक अख्खा तंबोरा परत पाठवायला निघतात.)

म्हणून ताऱ्यांऐवजी एकेक तार सुटी छेडून केलेलं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग पाठवा. सोबत घोडीचा जवळून काढलेला फोटो.