मराठी चित्रपटातील पहिल्या पिढीच्या अभिनेत्री

मूकपटाच्या आरंभापासून (१९१३) साधारण १९६० पर्यंत मुंबई, नाशिक, कोल्हापूर व पुणे येथील चित्रसंस्थांत कामे केलेल्या मराठी नटी. त्यांच्या अभिनयापेक्षा त्यांच्या घराण्याचीच चर्चा त्या काळी अधिक झाली. ‘ही कोणाच्या घरची?’ या प्रश्नाच्या उत्तरावर नटीकडे बघण्याची प्रेक्षकांची नजर ठरत असे, आणि पुष्कळदा पडद्यावरचे तिचे नावही.

दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) तारामती मिळाली नाही. कोठ्यांवरच्या बायकांनीही नकार दिला. अखेर मुंबईत एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून उभे राहिले. पुढे ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता ही दोन्ही कामे साळुंक्यांनीच केली. रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची रीत असल्याने प्रेक्षकांना त्यात वावगे वाटले नाही. तरीही त्या काळी बाई मिळणेच अशक्य होते, हे वारंवार सांगितले जाणारे विधान खरे नाही. त्याच १९१३ सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. दुर्गाबाई नवऱ्यापासून विभक्त झालेल्या होत्या आणि फिरत्या नाटक मंडळीत काम करून मुलीला वाढवत होत्या. नाटकात उभी राहणारी बाई समाजाने आधीच ओवाळून टाकलेली असे, त्यामुळे सिनेमात जाऊन गमावण्यासारखे तिच्याकडे फारसे काही उरलेले नसे. पहिली वाट पाडली ती अशा बायकांनी. कमलाबाई पुढे गोखले झाल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आल्यावर त्यांनी रंगभूमीवरच्या कामावर तिन्ही मुलांना वाढवले. चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र, तर विक्रम गोखले नातू.

फाळक्यांनी स्वतःची कन्या मंदाकिनी हिला ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) बालकृष्ण केले. घरातली मुलगी कॅमेऱ्यासमोर आणण्याचे हे पाऊल धाडसाचे होते, पण ती लहान होती आणि वडिलांच्याच देखरेखीखाली होती.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’त (१९२०) स्त्रियांनाच भूमिका दिल्या. गुलाबबाईंचे पडद्यावरचे नाव कमलादेवी झाले आणि अनसूयाबाईंचे सुशीलादेवी. नुसत्या ‘बाई’ची ‘देवी’ झाली, एवढाच हा बदल नव्हता. गाण्या-नाचण्याच्या परंपरेतून आलेल्या स्त्रीच्या मागे असलेले घर त्या नावाने झाकले जाई. ही पद्धत पुढे चाळीस वर्षे टिकली. मीनाक्षी शिरोडकर मूळच्या रतन पेडणेकर, ललिता पवार मूळच्या अंबा सगुण, आणि कोल्हापूरजवळच्या खडकलाटातून आलेल्या रंगूला ‘सुलोचना’ हे नाव भालजी पेंढारकरांनी दिले. नावे बदलण्याची कारणे मात्र एकसारखी नव्हती. कुठे कलावंतिणीचे घर झाकायचे असे, कुठे प्रतिष्ठित घराची लाज राखायची असे, तर कुठे खेडवळ वाटणारे नाव बदलून सोज्वळ करायचे असे.

बोलपट आल्यावर गळा आणि वाणी यांना महत्त्व आले. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’त (१९३२) तारामती झाल्या दुर्गा खोटे. फाळक्यांना न मिळालेली तारामती एकोणीस वर्षांनी मिळाली, आणि तीही मुंबईतल्या प्रतिष्ठित लाड कुटुंबात वाढलेली, सेंट झेवियर्समध्ये शिकलेली. सासरची आर्थिक घडी विस्कटल्याने त्यांनी कामाचा शोध घेतला. त्यांचा पहिला चित्रपट ‘फरेबी जाल’ (१९३१) ही मानहानीची गोष्ट ठरली होती, कारण एका सुशिक्षित घराण्याचे नाव त्याच्या जाहिरातीसाठी वापरले गेले. म्हणजे इतरांची नावे लपवली जात असताना खोट्यांचे आडनाव मात्र मुद्दाम छापले जात होते. दुर्गाबाईंनी त्या पेचातून स्वतःची वाट काढली. त्या कोणत्याही एका कंपनीच्या बांधील राहिल्या नाहीत. ‘अमरज्योती’त (१९३६) चाच्यांची म्होरकी झाल्या, नंतर स्वतः निर्मितीत उतरल्या आणि उतारवयात जाहिरातपट व दूरदर्शन मालिकांची निर्मितीसंस्था उभी केली. १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

‘घरंदाज सुशिक्षित स्त्रिया आल्या आणि चित्रपटाला प्रतिष्ठा आली’ असे एक वाक्य चित्रपटेतिहासात रूढ आहे. त्याने आधीच्या स्त्रियांवर अन्याय होतो. शिवाय शिक्षण असले तरी बहुतेकींना पडद्यावर आणले ते गरजेने. धारवाडच्या लीला चिटणीस पदवीधर होत्या. संसार मोडल्यानंतर चार मुलांची जबाबदारी त्यांच्या एकट्यावर आली. बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’ (१९३९) आणि ‘बंधन’ (१९४०) या चित्रपटांनी त्या देशभर पोहोचल्या, आणि १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या पहिल्या भारतीय तारका ठरल्या. ग्वाल्हेर संस्थानातल्या मानकरी घराण्यातील सुशीला पवार पुण्यात शिक्षिका होत्या. पडद्यासाठी त्या ‘वनमाला’ झाल्या, तरी घरच्यांचा रोष चुकला नाही. त्यांनी आई साकारलेल्या ‘श्यामची आई’ला (१९५३) राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

कंपनीच्या काळात नटी पगारदार असे. करार असेपर्यंत दुसरीकडे काम करता येत नसे. मिळेल ती भूमिका करायची आणि मिळाली नाही तर बसून राहायचे. ‘कुंकू’मध्ये (१९३७) म्हाताऱ्या नवऱ्याला नाकारणारी नीरा उभी करणाऱ्या शांता आपटे यांनी १९३९ मध्ये कराराच्या वादात प्रभातच्या पुण्यातील फाटकापाशी उपोषण केले. पडद्यावरची नीरा आणि फाटकावरची शांता यांच्यात फार अंतर राहिले नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलींना तिथल्या व्यवहाराची कल्पना दिली. नटीने आपल्या कामाकडे श्रम म्हणून पाहिल्याचे मराठीतले हे फार लवकरचे उदाहरण आहे, आणि त्याची आजवर पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

या कामात शरीरालाही किंमत मोजावी लागे. १९४२ मध्ये एका प्रसंगाच्या चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली आणि ललिता पवारांचा चेहरा अर्धांगाने वाकडा झाला. डावा डोळा कायमचा अधू राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या. त्या बारीक झालेल्या डोळ्यातूनच पुढे त्यांची खाष्ट सासू उभी राहिली. मीनाक्षी शिरोडकरांनी ‘ब्रह्मचारी’त (१९३८) पोहण्याचा पोशाख घातला, त्यावरून गहजब झाला, आणि त्याच गाण्यासाठी प्रेक्षकांनी पुन्हा पुन्हा तिकिटे काढली. ‘माणूस’मधली (१९३९) मैना करणाऱ्या शांता हुबळीकर यांची ‘कशाला उद्याची बात’ ही ओळ सगळ्यांच्या तोंडी होती. त्यांच्या आयुष्याची अखेर वृद्धाश्रमात झाली.

तमाशापटाचे युग ‘लोकशाहीर रामजोशी’ने (१९४७) सुरू केले. त्यातली नायिका हंसा वाडकर, मूळच्या रतन साळगावकर. घराण्यात कलावंतिणींची परंपरा होती. साळगावकर आडनावाला बट्टा नको म्हणून त्यांचे नाव बदलले गेले आणि किशोरवयातच त्या पडद्यावर आल्या, कारण घर चालवणारे दुसरे कोणी नव्हते. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. त्याच चित्रपटातून पुढे आलेल्या जयश्री गडकर यांनी समूहनृत्यातल्या मुलींपैकी एक म्हणून सुरुवात केली होती. त्यांच्यासोबत पुढची पिढी सुरू होते.

यांपैकी अनेकींनी आत्मचरित्रे लिहिली, आणि मराठी गद्यात त्यांना स्वतंत्र स्थान आहे. दुर्गा खोट्यांचे सुसंस्कृत आणि संयत, तर लीला चिटणीसांचे मोकळे. हंसाबाईंनी स्वतः हाती लेखणी धरली नाही. त्यांनी अरुण साधूंना सांगितले, आणि ‘माणूस’ साप्ताहिकात ते क्रमशः छापून आले. दारू, मारहाण, नको असलेले गर्भपात, घरच्यांनी खाल्लेला पैसा हे सारे त्यांनी कोणाची आणि स्वतःचीही गय न करता सांगितले. पुस्तक १९७० मध्ये निघाले. पुढच्या वर्षी त्या वारल्या.