व्रणातली वाट : हृदयाच्या विद्युत नकाशाची पार्श्वभूमी

गडचिरोली किंवा यवतमाळ जिल्ह्यातल्या आडवळणाच्या गावात छातीत दुखू लागलेला शेतकरी बहुधा आधी ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पितो, मग घरचे गाडी शोधतात, आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी मिळेपर्यंत पुष्कळ वेळ गेलेला असतो. तो वाचला तरी मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण राहतो, आणि उशीर जितका जास्त तितका तो सहसा मोठा असतो. पुढे काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्याची नाडी एकाएकी दीडशे-दोनशेच्या घरात जाते, तो धुऱ्यावर भोवळ येऊन कोसळतो आणि पाहणाऱ्यांना ती फिट वाटते. हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या या घातक लयीला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, थोडक्यात व्हीटी, म्हणतात.

व्रण सगळाच मेलेला नसतो, ही यातली मूळ अडचण आहे. त्यातून जिवंत तंतूंच्या बारीक वाटा गेलेल्या असतात. त्यांवरून विद्युतलहर इतकी हळू सरकते की ती बाहेर पडते तेव्हा भोवतालचा स्नायू पुन्हा उत्तेजित व्हायला तयार झालेला असतो, आणि लहर त्याच फेऱ्यात फिरत राहते. ही कल्पना यंत्रांपेक्षा कितीतरी जुनी आहे. १९०६ साली आल्फ्रेड मेयर यांनी जेलीफिशच्या ऊतीच्या कड्यांत अशी फिरती लहर पाहिली होती, आणि १९१३ मध्ये जॉर्ज माइन्स यांनी हृदयस्नायूच्या कड्यांवर प्रयोग करून तिचे नियम मांडले. दुसऱ्याच वर्षी, विशीतच, त्यांचा मृत्यू झाला.

मात्र माणसाच्या धडधडत्या हृदयात हा फेरा नेमका कुठे आहे, हे शोधायला पुढची अनेक दशके गेली. १९५९ मध्ये व्रणाचा फुगा, म्हणजे व्रणामुळे पातळ होऊन बाहेर फुगलेला हृदयभित्तीचा भाग, कापून काढल्यावर व्हीटी थांबल्याची नोंद झाली, पण पुढे अनेक रुग्णांत फुगा काढूनही व्हीटी परत येई. त्याचे कारण फिलाडेल्फियात मार्क जोसेफसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस उलगडले. हृदयाच्या आतून एकेका जागी तार टेकवून लहर कुठे कधी पोहोचते हे त्यांनी मोजले, तेव्हा फेऱ्याचा कळीचा भाग फुग्यात नव्हे, तर त्याच्या कडेच्या आतल्या पातळ थरात सापडला; काही मिलिमीटर जाडीचा तो थर सोलून काढण्याची शस्त्रक्रिया १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हेच, कारण इथून पुढे नकाशा आधी आणि इलाज नंतर, असा क्रम ठरला.

छाती उघडण्याची गरज कॅथेटरने संपवली. १९८०च्या दशकात आधी विजेचा झटका आणि मग रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता वापरून मांडीच्या शिरेतून नेलेल्या तारेने जागा जाळता येऊ लागली. त्याच दशकाच्या आरंभी, १९८० मध्ये, मिशेल मिरोवस्की यांचे आयसीडी, म्हणजे घातक लय ओळखून झटका देणारे शरीरात बसवायचे यंत्र, पहिल्यांदा माणसात बसवले गेले होते. ते झटका देऊन जीव वाचवते, पण फेरा तसाच ठेवते. १९९०च्या दशकात इस्रायलचे श्लोमो बेन-हाइम यांच्या पद्धतीने चुंबकीय क्षेत्राच्या आधारे कॅथेटरचे टोक टिपून हृदयाचा त्रिमितीय, रंगीत नकाशा संगणकावर उमटू लागला. त्यात १.५ मिलिव्होल्टपेक्षा जास्त संकेत देणारा भाग निरोगी आणि ०.५ पेक्षा कमी देणारा भाग दाट व्रण मानतात. त्यामुळे व्हीटी सुरू न ठेवताही, म्हणजे रक्तदाब कोसळू न देता, संशयित वाटा जाळता येतात.

हा नकाशा मोठ्या शहरातच तयार होतो, पण त्याचा पहिला ठिपका तालुक्याच्या दवाखान्यात पडू शकतो. व्हीटी चालू असताना काढलेल्या बारा लीडच्या ईसीजीवरून लहर व्रणातून कुठल्या बाजूने बाहेर पडते याचा अंदाज येतो. रुग्ण शुद्धीवर व स्थिर असेल, तर उपचाराआधी ती पट्टी काढून घ्यावी. तिचा कागद उष्णतेने पुसट होतो, आणि विदर्भातला उन्हाळा लक्षात घेता मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवणे बरे.