वीतभर माणसांमागचा कोरिया

अंगणात लग्न लागतंय. मधल्या टेबलावर सुकवलेली बोरं, चेस्टनट, बांबू आणि पाइनच्या फांद्या, शिवाय कापडात गुंडाळलेला एक कोंबडा आणि एक कोंबडी. नवरीच्या गालांवर आणि कपाळावर लाल टिकल्या, हात लांबलचक बाह्यांत झाकलेले. नवऱ्याने येताना लाकडी हंस आणलाय, कारण जन्मभर एकाच जोडीदारासोबत राहणारा पक्षी अशी रानहंसाची ख्याती. त्याच्या अंगावर दरबारी अधिकाऱ्याचा पोशाख आहे. एरवी शेतकऱ्याच्या पोराला हा पोशाख घालायची मुभा नव्हती, लग्नाच्या दिवशी होती. आणि ही सगळी मंडळी जेमतेम वीतभर उंचीची, काचेच्या पलीकडे.

कोरियातल्या लोकजीवन संग्रहालयांत असे देखावे हमखास दिसतात. सोलमध्ये 1989 साली सुरू झालेल्या लोट्टे वर्ल्डच्या लोकजीवन संग्रहालयाची तर ओळखच या छोट्या प्रतिकृतींमुळे झाली. मुलांना रमवायची ही एक युक्ती, असं समजून आपण पुढे सरकतो. पण लहान आकारात माणूस घडवण्याची सवय त्या देशात फार जुनी आहे, आणि आज दिसणारे देखावे ज्या काळात उभे राहिले तो काळही समजून घेण्यासारखा आहे.

सुरुवात कोरियातल्या प्राचीन सिल्ला राज्यापासून करू. पाचव्या-सहाव्या शतकातल्या सिल्लाच्या थडग्यांत मातीच्या भांड्यांवर बोटभर माणसं आणि प्राणी चिकटवलेले सापडतात. ग्यॉन्गजू शहरातल्या ग्येरिम-रो भागात 1973 साली मिळालेला एक उंच गळ्याचा रांजण मला या सगळ्यांत सर्वांत बोलका वाटतो. त्याच्या गळ्याभोवती बेडकाला धरणारा साप आहे, रत झालेलं जोडपं आहे, आणि पोट पुढे आलेली एक बाई तंतुवाद्य वाजवत बसली आहे. चिमटे काढून केलेली ओबडधोबड माती, पण जगणं त्यात ठासून भरलेलं. राजा मेला की पाच पुरुष आणि पाच स्त्रियांना त्याच्याबरोबर पुरायची प्रथा सिल्लात होती. राजा जिजुंगने इ.स. 502 मध्ये ती बंद केली, असं ‘सामगुक सागी’ या जुन्या इतिहासग्रंथात नोंदलेलं आहे. पुढच्या शतकांतल्या थडग्यांत मग मातीच्या सुट्या बाहुल्या दिसतात. ग्यॉन्गजूतल्याच योंगगांग-दोंग भागातल्या थडग्यात अशा 28 मिळाल्या.

जोसॉन राजवटीत (1392 ते 1910) कन्फ्यूशियसच्या परंपरेतले विधी घराघरांत रुजले. वयात येणं, विवाह, अंत्यसंस्कार आणि पूर्वजपूजा हे चार संस्कार म्हणजे कुटुंबाचा कणा. थडग्यात पांढऱ्या चिनी मातीची चिमुकली भांडी, घोडे, पालख्या आणि नोकर ठेवले जात.

राजदरबाराने मात्र हीच छोटी माणसं कागदावर उतरवली. प्रत्येक मोठ्या समारंभानंतर ‘उइग्वे’ नावाचा ग्रंथ तयार होई. कोणी काय नेसलं, किती कापड लागलं, कारागीर कोण, खर्च किती, सगळं त्यात. राजा जॉंगजो 1795 साली आईच्या साठीसाठी तिला घेऊन सुवॉनला गेला. त्या आठ दिवसांच्या प्रवासाच्या मिरवणुकीचं चित्र 63 पानांवर पसरलेलं आहे आणि त्यात 1,779 माणसं, 779 घोडे मोजता येतात. एक घोडा तेवढा रिकामा दिसतो. राजाचं चित्र अशा ठिकाणी काढायचं नसे, म्हणून त्याच्या जागी खोगीर घातलेला घोडाच चालतो. मिरवणुकीच्या प्रतिकृती करणाऱ्यांना याहून नेमका आधार दुसरीकडे कुठे मिळणार? यातले कितीतरी ग्रंथ फ्रेंच नौदलाने 1866 साली गांघ्वा बेटावरून लुटून नेले. पार्क ब्यॉन्ग-सॉन या बाईंनी ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शोधून काढले, आणि 2011 साली 297 खंड सोलला परतले. तेही कागदोपत्री उसने म्हणून, ही गोष्ट आजही खटकते.

गावाकडे असाच खटाटोप लाकडात चाले. प्रेत वाहून नेणारी सजवलेली पालखी साऱ्या गावाची सामाईक असे, आणि तिच्यावर ‘कोक्दू’ नावाच्या रंगीत बाहुल्या बसवलेल्या असत. कोणी वाट दाखवणारा, कोणी राखण करणारा, कोणी डोक्यावर उभा राहून कसरत करणारा. मेलेल्याची वाट एकाकी होऊ नये, म्हणून सोबतीला विदूषकसुद्धा. मला ही कल्पना फार मायेची वाटते.

हे जगणं अभ्यासून जपायचं हा विचार जपानी राजवटीत पुढे आला. सोंग सॉक-हा, सोन जिन-ते वगैरे अभ्यासकांनी 1932 साली जोसॉन लोकविद्या मंडळ काढलं. स्वातंत्र्यानंतर लगेच, 1946 च्या एप्रिलमध्ये, सोंग यांनी सोलच्या नामसान टेकडीच्या पायथ्याशी लोकजीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. दोनच वर्षांत ते वारले आणि 1950 मध्ये ते संग्रहालय राष्ट्रीय संग्रहालयात विलीन झालं.

खरी घाई झाली ती दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या काळात. ‘सेमाउल’ म्हणजे नवं गाव ही चळवळ 1970 मध्ये सुरू झाली आणि गवती छपरं भराभर उतरली. गावदेवाची ठाणी आणि शमनांचे, म्हणजे देवऋषींचे, विधी अंधश्रद्धा ठरले. घरगुती संस्कार आटोपशीर करण्यासाठी 1969 साली कायदा आला, 1973 साली तो कडक झाला. लग्नात आणि मयताला आलेल्यांना जेवण-दारू देणं, पारंपरिक सुतकी वस्त्रं घालणं, अंत्ययात्रेत शोकपताका नेणं यांवर त्याने बंदी घातली. आणि त्याच सरकारच्या काळात, 1974 साली योंगिनचं लोकग्राम उघडलं, मधल्या काळात पुन्हा सुरू झालेलं लोकसंग्रहालय 1975 साली ग्यॉन्गबोकगुंग राजवाड्याच्या आवारात नव्या जागी गेलं. गावातून जे हटवलं जात होतं तेच काचेमागे मांडलं जात होतं. या प्रतिकृतींकडे केवळ जोसॉनचा आरसा म्हणून पाहणं मला म्हणूनच अपुरं वाटतं. शहरात आलेल्या पहिल्या पिढीची ओढही त्यांत आहे.

शिवाय त्यांत काही गोष्टी झाकल्याही जातात. देखाव्यात अंगण झाडलेलं, कपडे कोरे, घर बहुतेक वेळा सरदार-विद्वान वर्गाचं. जोसॉन समाजात ‘नोबी’ म्हणवले जाणारे वंशपरंपरागत गुलाम होते, आणि ही व्यवस्था कायद्याने मोडली ती थेट 1894 च्या सुधारणांत. नवरीची पालखी उचलणारे, स्वयंपाकघरात चुलीशी बसलेले यांतले कितीजण असे होते, हे वीतभर बाहुलीच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. ते जुन्या गुलामांच्या विक्रीखतांत आणि गणनेच्या वह्यांत सापडतं. कधी हाताचा ठसा हीच सही असलेले ते कागद देखाव्याशेजारी मांडले, तर तेच लग्न पाहणाऱ्याला वेगळं दिसेल.